आधी आकडा, मग छपाई : शाळेच्या वार्षिकांकासाठी दारव्ह्याचा प्रेस

ज्या शाळेला यंदा वार्षिकांक काढायचा आहे आणि काढलेला अंक ऑफिसच्या कपाटात न राहता घराघरात जावा असं वाटतं, त्या शाळेतल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. आम्ही 2025-26 चा अंक दारव्ह्यातल्या एका प्रेसमध्ये छापला. प्रेस मुळात लग्नपत्रिकांचा. समोरच्या खोलीत भिंतभर पत्रिकांचे नमुने, बाजूला फ्लेक्सचं मशीन, आत एकरंगी ऑफसेट छपाईचं मशीन आणि मागच्या पडवीत कटिंग, पिनिंग. मालक काका साठी ओलांडलेले आहेत आणि संगणकाचं सगळं काम त्यांची मुलगी पाहते. मी दिग्रस रोडवरच्या एका गावात अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. पाचवी ते दहावी, साडेतीनशेच्या आतबाहेर मुलं, त्यातली बरीचशी आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवरून येणारी.

पुस्तक चांगलं छापणारे प्रेस यवतमाळात आहेत, अमरावतीत आहेत, नागपुरात तर गल्लोगल्ली आहेत. या प्रेसबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं ते यासाठी, की छापण्याआधी विकण्याचा विचार करायला त्यांनी आम्हाला भाग पाडलं. शाळा जूनच्या शेवटी उघडल्या आणि जुलैत आम्ही भाव विचारायला गेलो. काकांनी भाव सांगितलाच नाही. म्हणाले, "मॅडम, भाव आत्ता कसा सांगू? पहिले आकडा आनजा. आकडा किती, थ्यावर भाव." मी म्हटलं, काका, अंदाजे तरी सांगा. तेव्हा त्यांनी एका पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. ए-फोर आकार, आतली 64 पानं, त्यातली 48 एकरंगी आणि 16 रंगीत, वर लॅमिनेशन केलेलं कव्हर. 300 प्रती काढल्या तर एक प्रत 130 रुपयांना पडते. 500 काढल्या तर 95 ला.

हा हिशेब प्रत्येक शाळेनं एकदा कागदावर मांडून पाहावा. 300 प्रतींचे झाले 39,000 आणि 500 प्रतींचे 47,500. म्हणजे वरच्या 200 प्रती साडेआठ हजारांत. कारण साधं आहे. टायपिंग, पानांची मांडणी, प्लेटा, मशीन लावण्याचा वेळ, हा खर्च एक प्रत काढा नाहीतर हजार काढा, तेवढाच येतो. वाढतो तो फक्त कागद, शाई आणि पिनिंग. त्यामुळे अंकाची किंमत प्रेसवाला ठरवत नाही, आपण आधी किती घरांना तयार केलं यावर ती ठरते. आणि याच हिशेबाच्या मोहात पडून नोंदणी न करता 500 छापल्या, तर मग वाळवीची सोय होते. काकांचं यावर स्पष्ट मत होतं, "आधी छापाल अन् मंग विकाल, त अर्धे तुमच्या कपाटातच राहतीन." इतक्या शाळांची कामं केलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर जास्त प्रती गळ्यात मारणंच त्यांच्या फायद्याचं होतं, हेही लक्षात घ्यावं.

आम्ही किंमत 120 ठेवली. आकडा 300 वर अडकला तर प्रतीमागे 10 रुपये कमी पडणार, ते जाहिरातीतून भरून निघतील. 500 च्या जवळ गेला तर उरलेल्या पैशातून ज्या मुलांच्या घरी 120 रुपये निघत नाहीत त्यांना अंक देता येईल. किंमत ठरवताना हा दुसरा भाग पहिल्यापासून डोक्यात होता. वर्गात चाळीस मुलांच्या हातात अंक आणि पाच जण शेजाऱ्याच्या अंकात डोकावतात, असं होणार असेल तर अंक काढूच नये, असं मला मनापासून वाटतं.

आता नोंदणीचं वेळापत्रक. इथे शहरातल्या शाळांचा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. आपल्याकडे घरात पैसा कधी असतो हे पिकावर ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये पैसा बियाणं, खत, फवारणीत गेलेला असतो. तेव्हा नोंदणी मागायला गेलं तर नकार येतो आणि एकदा नाही म्हटलेला माणूस दिवाळीत हो म्हणायला कचरतो. म्हणून 15 ऑगस्टला झेंडावंदनाला पालक आले तेव्हा आम्ही फक्त सांगितलं की यंदा अंक निघणार आहे आणि प्रत्येक मुलाचा फोटो त्यात असणार आहे. पैशाचा विषय काढला नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, तेव्हा पावतीपुस्तकं बाहेर काढली. 120 एकदम न मागता 60-60 चे दोन हप्ते ठेवले होते, आणि 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसानं कित्येकांच्या सोयाबीनचं वाटोळं केलं तेव्हा ते कामी आले. दुसरा हप्ता कापसाची वेचणी सुरू झाल्यावर. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची शेतातली पूजा, होऊन पहिला कापूस घरात आला की माणसाच्या बोलण्यातच फरक पडतो. आमची सगळ्यात जास्त नोंदणी दिवाळी ते नाताळ या काळात झाली.

ती पावतीपुस्तकं याच प्रेसनं आधी करून दिली, तीही जुलैतच. एका पावतीची दोन पानं, खाली कार्बन धरायचा, मशीननं टाकलेले अनुक्रमांक आणि हप्त्यासाठी दोन रकाने. पावतीच्या तळाशी ठळक अक्षरात वाटपाची तारीख. ही तारीख छापण्याचा आग्रह काकांच्या मुलीचा. तिचं म्हणणं, पैसे देणाऱ्याला वस्तू कधी मिळणार हे कळलं पाहिजे आणि तारीख छापली की प्रेसलाही ती पाळावी लागते. पाळली. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी गठ्ठे शाळेत होते.

वाटप निरोप समारंभालाच का, हे इथेच सांगते. 2024 पर्यंत दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये सुरू व्हायची. 2025 ला मंडळानं ती 21 फेब्रुवारीला आणली. म्हणजे दहावीचा वर्ग जानेवारी संपताच मनानं शाळेबाहेर पडतो. ज्यांच्यासाठी अंकाची किंमत सगळ्यात जास्त असते तीच ही मुलं. अंक एप्रिलमध्ये आला तर ती सापडत नाहीत, कुणी मामाच्या गावी, कुणी कामाला. माझ्या ओळखीच्या एका शाळेचे अंक असेच दोन उन्हाळे पडून राहिले. त्यामुळे मागून मोजत यायचं. वाटप फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे छपाई संक्रांतीनंतर लगेच, म्हणजे शेवटचं प्रूफ जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे मजकूर नोव्हेंबरअखेर. गॅदरिंग डिसेंबरात घेतलं नाही तर त्याचे फोटो अंकात येत नाहीत. 26 जानेवारीचे तर येतच नाहीत, ते पुढच्या वर्षीच्या अंकात.

फोटोंचं मात्र याहीपेक्षा आधी. आमच्या तांड्यांवरची काही कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर कामाला जातात आणि मुलं त्यांच्यासोबत जातात. नोव्हेंबरमध्ये वर्गाचा फोटो काढला तर नेमकी तीच मुलं त्यात नसतात. आम्ही सगळ्या वर्गांचे फोटो दसऱ्याच्या आत उरकले. हजेरीपट समोर ठेवून एकेका नावावर खूण केली, गैरहजर मुलांचे फोटो घरी जाऊन काढले. त्या कुटुंबांचे अंक बाजूला बांधून ठेवले आणि ती परत आल्यावर दिले. अंक विकण्याची युक्ती कुणी मला विचारली तर मी हजेरीपट दाखवीन. ज्या घरातल्या मुलाचा चेहरा आणि नाव अंकात आहे ते घर अंक घेतं. ज्या घरातल्या मुलाचं नाव फक्त सामूहिक फोटोच्या खाली बारीक अक्षरात आहे ते घर विचार करतं. म्हणून प्रत्येक मुलाचं नाव निदान दोन ठिकाणी यावं असं ठरवलं होतं, एक फोटोखाली आणि एक मजकुरात. मजकूर म्हणजे दर वेळी कविताच हवी असं नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या बैलांच्या सणाला, कुणाचा बैल कशाचा होता, वर्गात सगळ्यात दुरून कोण चालत येतं, कुणाच्या आजीला कोणतं औषधी झाड माहीत आहे, अशा दोन-दोन ओळी. ही पानं लोकांनी सगळ्यात जास्त वाचली.

प्रेसच्या कामाची खरी परीक्षा याच पानांवर झाली आणि तिथे मी त्यांना पूर्ण गुण देते. 350 मुलांची नावं, आडनावं. जाधव, राठोड, चव्हाण, पवार यांची रांग आणि त्यात एकाच नावाची तीन-तीन मुलं. काकांच्या मुलीनं नावांची वेगळी यादी छापून दिली आणि सांगितलं, ही यादी वर्गात मुलांकडूनच तपासून आणा, ज्यानं त्यानं आपल्या नावापुढे सही करायची. पाचवीच्या मुलांनी मोठ्या ऐटीत सह्या केल्या. यात नावांच्या चुका निघाल्याच, पण मुलांनी घरी जाऊन "माह्या नावाची सही घेतली" असं सांगितलं आणि त्या आठवड्यात नोंदणी वाढली. काका म्हणाले ते वाक्य मी स्टाफरूममध्ये फळ्यावर लिहून ठेवलं, "पोराचं नाव चुकलं त थ्या घरी आपलं पुस्तक कोनी उघडत नाई."

आम्ही चार पानं गोरमाटीतली, म्हणजे बंजारा बोलीतली, ठेवली होती. तांड्यावरच्या मुलांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकलेली गाणी आणि दोन गोष्टी देवनागरीत लिहिल्या. पहिल्या प्रूफमध्ये प्रेसनं बरेच शब्द मराठीसारखे "दुरुस्त" केले होते. फोन केल्यावर काकांची मुलगी म्हणाली, मॅडम, मला वाटलं टायपिंग चुकलं. पण पुढचं तिनं जे केलं त्यासाठी तिचं कौतुक. ज्या मुलीनं गोष्ट लिहिली होती तिला शनिवारी दुपारी प्रेसमध्ये बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि शब्द न् शब्द विचारून पानं लावली. सातवीतली मुलगी संगणकावर आपली बोली उमटताना पाहत होती. ही चार पानं असल्याचं कळल्यावर दोन तांड्यांच्या नायकांनी, म्हणजे तांडाप्रमुखांनी, स्वतः घरोघरी फिरून नोंदणी करून दिली. जाहिरातीचा एक कागदही आम्ही तिथे नेला नव्हता.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मजकूर आम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून दिला होता. बऱ्याच छोट्या प्रेसमध्ये जुने फॉन्ट चालतात आणि युनिकोडचा मजकूर त्यात बदलून घेताना रफार सरकतात, जोडाक्षरं तुटतात, मग सगळं पुन्हा तपासा. इथे ती अडचण आली नाही कारण काकांची मुलगी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर काम करते. प्रेस ठरवण्यापूर्वी एक परिच्छेद देऊन "वऱ्हाड", "कार्यक्रम", "ॲड", "शृंगार" असे शब्द नीट उमटतात का ते पाहून घ्यावं. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नयेत, ते लहान होऊन जातात. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे आठ इंच रुंद सामूहिक फोटोला 2400 पिक्सेल रुंदी हवी. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. पानांची संख्या 16 च्या पटीत ठेवा, कारण फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, सोळा पानांचा असतो. 66 पानं केली तर दोन पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद आणि बराच जास्त खर्च.

बांधणीबद्दल आमचा थोडा वाद झाला. मला कणा असलेली, गोंदाची बांधणी हवी होती, कपाटात उभी ठेवली की कण्यावर वर्ष दिसतं. काकांनी सेंटर पिनचा, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारण्याचा, आग्रह धरला. त्यांचं म्हणणं, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला टिनाच्या घरात ठेवलेल्या पुस्तकाचा गोंद सुटतो आणि पानं निघतात, पिन सुटत नाही. शिवाय पिनेचा अंक पूर्ण उघडतो, दोन पानांवर पसरलेला फोटो मधे दुमडत नाही. मी मान्य केलं आणि आता मे उलटल्यावर अंक शाबूत आहेत. यात एक तडजोड मात्र आहे. पिनेच्या बांधणीत रंगीत फर्मा मधोमध बसतो, त्यामुळे आमचे सगळे रंगीत फोटो 25 ते 40 या पानांवर आले. गॅदरिंगचा लेख एकीकडे आणि फोटो दुसरीकडे, हे वाचताना खटकतं.

कागद आतल्या पानांना 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो, रंगीत पानांना 130 चा आर्ट पेपर, कव्हरला 250 चं आर्ट कार्ड. वजन 220 ग्रॅमच्या आसपास भरलं आणि याचा एक फायदा असा की अंक पाकिटासह 250 ग्रॅमच्या आत राहिला. पुण्यात, चाकणला, बुटीबोरीला कामाला असलेल्या माजी विद्यार्थ्यांना तो टपालानं पाठवायचा होता. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे आणि स्पीड पोस्टच्या नव्या दरात 51 ते 250 ग्रॅम हा एक टप्पा आहे. जाड कव्हर घेतलं असतं तर वरच्या टप्प्यात गेलो असतो. कव्हर 300 जीएसएमचं असावं असं आमच्यातल्या काहींचं मत होतं, प्रेसच्या मुलीनं तराजूवर नमुना ठेवून दाखवला तेव्हा विषय मिटला.

माजी विद्यार्थ्यांची नोंदणी बॅचवार व्हॉट्सॲप ग्रुपवर केली. त्यांना 240 रुपयांची जोडी दिली, एक अंक त्यांचा आणि एक शाळेतल्या एखाद्या मुलाचा. कुणासाठी ते सांगायचं नाही, हे पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट केलं होतं. पैसे शाळेच्या खात्याच्या क्यूआर कोडवर, कुणा शिक्षकाच्या नंबरवर नाहीत. याबाबत कडक राहावं. प्रेसनं क्यूआर कोडचा छोटा बोर्ड करून दिला, तो गॅदरिंगला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टेबलावर उभा होता.

हळदीकुंकू हा आमच्या विक्रीतला सगळ्यात चांगला दिवस ठरला, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. माता-पालक मेळावा शाळेत दरवर्षी असतो. आया येतात, वाण घेतात, जातात. या वेळी टेबलावर अंकाची डमी ठेवली. डमी म्हणजे 16 रंगीत पानं खऱ्या कागदावर डिजिटलवर काढलेली आणि बाकी पानं कोरी, वर खरं कव्हर. प्रेसनं ती एक प्रत 400 रुपयांत करून दिली. पैसे जास्त वाटतील, पण वस्तू हातात घेतल्याशिवाय आपल्याकडची बाई पैसे सोडत नाही आणि ते तिचं बरोबरच आहे. आपल्या लेकराचा फोटो डमीत सापडला की ती शेजारणीला बोलावून दाखवायची. त्या दुपारी तीन पावतीपुस्तकं संपली. नोंदणीची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती, तीही डमीवर चिकटवली होती. आकडा 460 वर थांबला आणि आम्ही 500 छापल्या. उरलेल्या चाळीसमधल्या काही ग्रंथालयाला, काही पाहुण्यांना आणि बाकीच्या उन्हाळ्यात लग्नांसाठी गावात आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी नेल्या.

जाहिराती गोळा करताना नववीच्या मुलामुलींच्या जोड्या केल्या, सोबत एक शिक्षक. दरपत्रक प्रेसनं छापून दिलं. मागचं कव्हर 5,000, आतलं कव्हर 3,000, पूर्ण पान 1,500, अर्ध पान 800, शुभेच्छा 300. कृषी केंद्रवाल्यांकडे हंगामात जाऊ नये, जून-जुलैत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर गेल्यावर बसवून चहा पाजतात. सराफाकडे तुळशीचं लग्न झाल्यावर, जिनिंगवाल्यांकडे कापसाची आवक वाढली की. "छापून आल्यावर देतो" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगायचं की मजकूर आणि पैसे सोबतच घेतो. मुलांनी हे छान सांभाळलं. एका किराणा दुकानदारानं पैसे न देता शंभर वह्या दिल्या, त्याही चालल्या.

फोटोबाबत पालकांची लेखी संमती घेतली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. संमतीचा कागद प्रवेशाच्या वेळीच भरून घेतला तर नंतर पळापळ होत नाही. अंकात जन्मतारखा, फोन नंबर, पत्ते ठेवले नाहीत. काम संपल्यावर प्रेसकडून सगळे फोटो पेनड्राइव्हवर परत घेतले आणि त्यांच्या संगणकावरून काढून टाकायला सांगितलं. काकांच्या मुलीनं माझ्यासमोर काढले.

आता जे पटलं नाही ते. रंगीत काम या प्रेसमध्ये होत नाही, ते बाहेर पाठवतात. हे पहिल्या भेटीत आपणहून सांगायला हवं होतं, आम्हाला ते डिसेंबरात कळलं. त्यामुळे रंगीत पानांचं ऑफसेटवरचं प्रूफ मिळालंच नाही, पडद्यावर आणि डिजिटलच्या डमीवरच पाहावं लागलं आणि छापून आल्यावर गॅदरिंगचे फोटो अंधारे निघाले. स्टेजवरचे लाल-निळे दिवे कागदावर काळवंडले आणि दोन समूहनृत्यांतल्या मुलींचे चेहरे ओळखू येत नाहीत. त्या मुलींच्या चेहऱ्यावरची निराशा मी पाहिली आहे, म्हणून हा दोष मी किरकोळ मानत नाही. काकांनी बिलातून 1,500 रुपये कमी केले, पण चेहरे परत आले नाहीत. पुढच्या वेळी रंगीत फर्म्याची एक खरी छापील प्रत हातात आल्याशिवाय होकार देणार नाही आणि कुणीही देऊ नये. दिवसा उजेडात काढलेले फोटो मात्र उत्तम आले. तान्ह्या पोळ्याचं पान तर इतकं जिवंत आहे की लाकडी बैलांच्या झुलींवरचे आरसेसुद्धा मोजता येतात.

दुसरं, तुळशीच्या लग्नानंतर हा प्रेस पूर्णपणे लग्नपत्रिकांचा होतो. फोन उचलला जात नाही, दुकानात गेलं तर वरपक्ष आणि वधूपक्ष दोघेही काउंटरवर. शाळेचं काम मागे पडतं असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही की कुठवर आलं. आम्ही शेवटी काकांच्या मुलीशी ठरवलं की दर गुरुवारी संध्याकाळी ती एक मेसेज करेल. तो तिनं न चुकता केला. निवडणुकीच्या काळात पत्रकांची गर्दी असते, तेही धरून चालावं. तिसरं, भाव कागदावर मागून घ्यावा लागतो. तोंडी दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही, पण संस्थेच्या हिशेबाला, ऑडिटला कागद लागतो. कागदाचा भाव दिवाळीपर्यंतच धरून ठेवतो असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून निम्मी रक्कम शाळेच्या चेकनं दिवाळीआधी देऊन टाकली आणि त्यांनी कागद घेऊन ठेवला.

यवतमाळ-अमरावतीच्या मोठ्या प्रेसशी तुलना केली तर छपाईत, विशेषतः रंगात, हा प्रेस मागे आहे. पूर्ण रंगीत अंक काढायचा असेल तर इथे जाऊ नका. पण खेड्यातली शाळा असेल, पहिला-दुसराच अंक असेल आणि नावं, बोली, पावत्या, डमी, हप्ते हे सगळं समजून घेणारं माणूस हवं असेल, तर मी याच प्रेसकडे पाठवीन. आम्ही पुढचा अंकही इथेच देतो आहोत, रंगीत प्रूफची अट लेखी घालून.

जायचं तर जुलैत जा, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात. दुपारी एक ते तीन बंद असतं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बोलायला वेळ मिळत नाही. सोबत वर्गवार पटसंख्या, मागच्या अंकाची एखादी प्रत आणि शाळेच्या खात्याचा तपशील न्या. पावतीपुस्तकं त्याच दिवशी सांगून या, ती आठवड्यात मिळतात.